दोन थर, एक सुरी

नारिनमध्ये शनिवारी दुपारनंतर शाळा रिकामी होते,
पण मागच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते.
तिथं पूर्वी नकाशे लावलेले होते,
आता नसलेल्या एका देशाचे.
खिळे मात्र शाबूत आहेत.
मी त्यांना रंगवलेल्या लोकरीच्या लडी टांगते.

अकरा मुलं येतात. कधी नऊ.
मेंढ्या व्यायला लागल्या की चारच.

आधी लोकर झोडपायची. हे सगळ्यांना आवडतं.
बेगायम आणि तिची चुलतबहीण छड्या उगारून
असा दणका देतात, की वर्षभराचा गणिताचा राग
त्या एका ढिगावर निघतो.
धूळ उडते, कुसळं, लेंड्यांचा चुरा,
एकदा तर जिवंत गोचीड.
मग गवताची चटई, तिच्यावर लोकर,
वरून उकळतं पाणी,
आणि वळकटी दोरीनं करकचून आवळून
लाथा.
हो, लाथाच. तासभर.
"नाचा रे," मी म्हणते.
"मी नाचत नाही," नऊ वर्षांचा सिमिक सांगतो,
"मी फुटबॉल खेळतोय."
खेळ बाबा. लोकरीला काय कळतंय.

सोडून बघावं तर आत कापड झालेलं असतं.
उभा धागा नाही, आडवा नाही,
नुसतं एकमेकांना धरून बसणं.

तिलेक पंधराचा. माझ्या वर्गात आला
कारण मावशीनं सांगितलं, तिथं शेगडी असते.
आई येकातेरिनबुर्गला, कुठल्याशा गोदामात खोकी भरते.
हे मला मावशीकडून कळलं. तो बोलत नाही.
एक इअरफोन कानात, दुसरा छातीवर लोंबकळत,
जणू अर्धा कान आमच्यासाठी राखून ठेवलेला.

त्याला मी सुरी दिली. मोठ्यांनाच देते.
खाली काळा थर, वर लाल,
खडूनं आखलेलं एडक्याचं शिंग,
आणि एकाच दमात दोन्ही थर कापायचे.
मग लाल शिंग काळ्यात बसवायचं, काळं लालात.
एका कापणीत दोन गालिचे,
कपटासुद्धा वाया जात नाही.

शिंगाच्या वळणावर फोन थरथरला.
सुरी घसरली.
शिंगाला चोच फुटली.

"गेलं," बेगायम म्हणाली. "आणि दोन्हीकडे गेलं."
तो उठला. शेगडीकडे बघत होता,
मला ते बघणं ठाऊक आहे,
त्याच्या वयाची असताना मी एक अख्खा गालिचा
असाच जाळला होता.

मी काही बोलले नाही.
लाल तुकडा उचलला, काळ्याच्या भोकात ठेवला.
चोचीत चोच बसली.
तसूभरही फट नाही,
कारण हात चुकला तरी सुरी एकच होती.
तो वाकला. बोटानं कडेवरून फिरला,
एकदा, आणि पुन्हा उलट्या बाजूनं.

अंधार पडेपर्यंत शिवत बसला, डावखुरा,
टाके जाडेभरडे, अंगुस्ताना नको म्हणाला,
म्हणून बोट दोनदा टोचलं.
सांध्यावर पांढरी पिळाची दोरी घालायला
त्याला तीन शनिवार लागले.

एक गालिचा इथंच आहे, शेगडीजवळ.
चोचीवर कोण बसणार यावरून
लहान मुलं दर आठवड्याला हमरीतुमरीवर येतात.
दुसरा त्यानं खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून
बिश्केकच्या टॅक्सीवाल्याकडे दिला. पुढचं मी विचारलं नाही.

फेब्रुवारीत, वर्ग सुटल्यावर,
त्यानं फोन माझ्यासमोर धरला.
दुमजली पलंग, खालची गादी,
भिंतीला कुणाकुणाचे टॉवेल,
आणि गादीवर आमचा तो चोचवाला एडका.
चष्मा नव्हता, म्हणून त्यानंच फोटो मोठा केला,
आणखी मोठा,
कोपऱ्यापर्यंत सरकवत नेला.

"इथला टाका सुटलाय," तो म्हणाला.
दोन्ही इअरफोन खिशात होते.
"आली की घालतो."